मीठदाणी आणि शल्ययंत्र : पडद्यावरील घरगुती वस्तूंचा लक्षणाविचार

शब्द तोच राहतो आणि अर्थ पालटतो, ही घटना भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. तिच्या मीमांसेसाठी आपल्याकडील साहित्यशास्त्राने लक्षणेचा विचार मांडला आणि आधुनिक भाषाविज्ञानाने चिन्हविचार उभारला. प्रस्तुत लेखात हीच घटना शब्दांऐवजी वस्तूंच्या बाबतीत तपासून पाहावयाची आहे. चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांत स्वयंपाकघरातील, मोरीतील किंवा अडगळीतील एखादी साधी वस्तू उचलून ती भलत्याच रूपाने प्रेक्षकांपुढे ठेवण्याचा प्रघात फार जुना आहे. रंगमंचावर वापरावयाच्या अशा सामानाला इंग्रजीत पंधराव्या शतकापासून ‘प्रॉपर्टी’ म्हणत आले आहेत, आणि आपल्या नाटकमंडळींनीही तो शब्द जसाच्या तसा उचलला. ज्या वस्तूचे स्वत्वच काढून घ्यावयाचे, तिला ‘मालमत्ता’ या अर्थाचे नाव असावे, यात थोडी गंमत आहे. पुढील विवेचनात मी ‘रंगवस्तू’ हा शब्द योजीत आहे.

या विषयाकडे पाहण्याची रूढ दृष्टी कौतुकाची असते. पैसा अपुरा होता, वेळ त्याहून अपुरा होता, तेव्हा कोणा कल्पक माणसाने हाताशी आले त्यातून शस्त्र केले, यंत्र केले, असे मोठ्या रसाने सांगितले जाते. ते असत्य नव्हे. परंतु पैशाची टंचाई ही वस्तू का उचलली गेली एवढेच सांगते. प्रेक्षकाने ती तशी का मानली, हे सांगत नाही. आपल्याला कर्तव्य आहे ते या दुसऱ्या प्रश्नाशी.

त्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रसंग ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेच्या आरंभीचा आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या तिच्या पहिल्या भागात मिठावाचून जगू न शकणाऱ्या एका मायावी प्राण्याची कथा होती. साहजिकच कथेला मीठदाण्यांची गरज पडली. मीठदाणी म्हणजे जेवणाच्या मेजावर ठेवावयाची, सच्छिद्र टोपणाची ती छोटी डबी; आपल्याकडे मीठ पानात वाढले जात असल्यामुळे तिची ओळख आपल्याला बहुधा हॉटेलातच झाली. कथा दूरच्या भविष्यकाळातील असल्यामुळे मालिकेचे सामान जमविणारे अर्व्हिंग फाइनबर्ग यांनी नव्या घडणीच्या, निमुळत्या आकाराच्या, दिसावयास अपूर्व अशा मीठदाण्या पैदा केल्या. त्या आणल्यावर अडचण ध्यानात आली ती अशी, की या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही! अखेर कथेतील मिठासाठी कोणालाही ओळखू येतील अशा साध्या मीठदाण्या घेतल्या, आणि त्या नव्या घडणीच्या डब्या जहाजावरील डॉक्टर मॅकॉय यांच्या हाती शल्ययंत्रे म्हणून देण्यात आल्या. मालिकेच्या निर्मितीविषयी स्टीव्हन व्हिटफील्ड यांनी जीन रॉडनबेरी यांच्यासह लिहिलेल्या १९६८ च्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. फाइनबर्ग यांनी घडविलेल्या अशा वस्तूंना सहकारी थट्टेने ‘फाइनबर्गर’ म्हणत, हेही शब्दसिद्धीच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

या प्रसंगाचे महत्त्व विनोदापुरते नाही. नाट्यचिन्हांचा पद्धतशीर विचार प्रथम प्राग येथील भाषाविज्ञानमंडळाच्या परिवारात झाला. पेत्र बोगातिर्योव यांनी १९३८ मध्ये आणि यिंद्रिख होन्झल व यिर्झी वेल्त्रुस्की यांनी १९४० मध्ये जे निबंध लिहिले, त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा सांगता येईल, की रंगमंचावर आलेली प्रत्येक वस्तू चिन्ह होते आणि कोणतेही चिन्ह कोणत्याही अर्थाकडे सरकू शकते. कोकणातील दशावताराचा खेळ पाहणाऱ्यास हे पटवून द्यावयास नको. एक लाकडी बाकडे मांडले की तेच राजाचे सिंहासन होते, आणि कोणी ‘हे बाकडे आहे’ म्हणून हरकत घेत नाही. भातुकलीतील पानाची पोळी व काठीचा घोडा याच जातीचे. काठीच्या घोड्यावर ई. एच. गॉम्ब्रिख यांनी १९५१ मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. काठी घोड्यासारखी दिसते म्हणून नव्हे, तर तिच्यावर स्वार होता येते म्हणून ती घोडा होते, हे त्याचे मर्म.

मग मीठदाणीचे काय? जिला शल्ययंत्र होण्यास काहीच अडचण आली नाही, तिला मीठदाणी मात्र होता आले नाही. म्हणजे ‘कोणतीही वस्तू काहीही होऊ शकते’ या सिद्धांतात एक छिद्र आहे: वस्तू स्वतः जी आहे तेच तिला होता येईल, याची हमी नाही. याचे एक कारण माध्यमात आहे. दशावताराचा प्रेक्षक संकेत अगोदरच पत्करून बसलेला असतो. भरताच्या परिभाषेत तो नाट्यधर्मीचा प्रदेश होय. कॅमेरा स्वभावतः लोकधर्मी आहे. तो वस्तूचा पृष्ठभाग, तिचा शिवणजोड, तिच्यावरील ओरखडा, सर्व काही जवळ नेऊन दाखवितो, आणि दिसते आहे ते खरोखरीच तसे आहे असा दावा करतो. त्यामुळे पडद्यावरील वस्तूला रंगमंचावरील बाकड्याचे स्वातंत्र्य लाभत नाही. तिची वाट प्रेक्षकाच्या पूर्वपरिचयातून जाते.

हा पूर्वपरिचय नेमका काय काम करतो, हे ठरविण्यासाठी मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासाकडे वळावे. लक्षणेला तेथे तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: मुख्य अर्थाचा बाध, त्या अर्थाशी लक्ष्यार्थाचा काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, की प्रवाहावर घरे उभी राहू शकत नाहीत म्हणून मुख्यार्थ अडतो, सान्निध्याच्या संबंधाने ‘तीर’ हा अर्थ येतो, आणि शीतलता व पावित्र्य सुचविणे हे प्रयोजन ठरते. सादृश्यमूलक लक्षणेचे पुन्हा दोन प्रकार. वाहीक देशाचा माणूस बैल आहे, असे म्हणताना माणूस आणि बैल दोन्ही शब्दांत हजर असतात; ती सारोपा. त्याच माणसाकडे बोट दाखवून नुसतेच ‘हा बैल’ म्हटले, की माणसाला बैलाने गिळून टाकलेले असते, ती साध्यवसाना. डॉक्टर मॅकॉयच्या हातातील डबी पाहून कोणाही संस्कृतज्ञाला ही साध्यवसाना वाटावी, हे स्वाभाविक आहे: शल्ययंत्राने मीठदाणीला गिळले!

परंतु हे समीकरण घाईचे आहे. साध्यवसानेतसुद्धा ऐकणाऱ्याला माणूस दिसत असतो. म्हणून तर ‘बैल’ शब्दाचा मुख्यार्थ अडतो आणि बोलणाऱ्याचा तिरस्कार त्याच्यापर्यंत पोहोचतो. मुख्यार्थाचा बाध व्हावयाचा तर मुख्यार्थ आधी उपस्थित झाला पाहिजे. १९६६ च्या प्रेक्षकाच्या मनात मीठदाणी उपस्थितच झाली नाही. बाध आणि अनुपस्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या प्रेक्षकाने एक अनोळखी पदार्थ पाहिला. डॉक्टरने तो रुग्णावर धरला, रुग्ण बरा झाला. आणि त्या व्यवहारावरून प्रेक्षकाने वस्तूचा अर्थ ग्रहण केला. वडीलधाऱ्यांचा व्यवहार पाहून मूल शब्दाचा अर्थ शिकते असे आपल्याकडील शास्त्रकार म्हणतात, त्या वृद्धव्यवहाराहून हे वेगळे नाही. म्हणजे सामान जमविणाऱ्याच्या दृष्टीने जी लक्षणा, ती प्रेक्षकाच्या दृष्टीने सरळ अभिधा होती; नवा संकेत होता. एकाच वस्तूच्या ठिकाणी या दोन वृत्ती एकाच वेळी नांदू शकतात, आणि कोणती कोणासाठी हे वस्तूकडे पाहून सांगता येत नाही. रंगवस्तूंविषयीच्या बहुतेक लिखाणात हा भेद पुसला जातो आणि सर्वच उदाहरणे ‘कल्पकता’ या एका मथळ्याखाली जमा होतात.

व्यवहाराने अर्थ कसा बसविला जातो, याचे याहून सुंदर उदाहरण ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सापडते. ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील डॅलेक नावाच्या यंत्रदेही शत्रूचा आराखडा रेमंड क्युसिक यांनी केला, आणि त्याचा एक हात म्हणून, तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे रबरी टोपीचे दांडके वापरण्यात आले. २१ डिसेंबर १९६३ रोजी त्याचे प्रथम दर्शन घडले तेव्हा संपूर्ण डॅलेक दाखविलेलाच नव्हता. भागाच्या अखेरीस फक्त ते दांडके पुढे सरकताना दिसते आणि बार्बरा हे पात्र भिंतीशी खिळून भयाने किंचाळते. पुढचे सारे आठवडाभरानंतर! येथे वस्तूला नाव दिलेले नाही, तिचे कार्य सांगितलेले नाही. तिचा अर्थ संपूर्णपणे समोरच्या पात्राच्या प्रतिक्रियेतून निर्माण केला आहे. आणि तरीही ही मीठदाणीची जात नव्हे. ब्रिटनमधील घराघरांत ते दांडके होते. तेथील प्रेक्षकाला मुख्यार्थ उपस्थित होत होता. किंकाळी त्याला अडवीत होती. ही खरी लक्षणा, आणि म्हणूनच ती सतत धोक्यात. मोरीच्या दांडक्याला भिणाऱ्या जगाची थट्टा पुढे कित्येक वर्षे चालली. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा लेखकांनी या थट्टेला कथेतच उत्तर दिले: एक माणूस त्या हाताची कुचेष्टा करतो, आणि डॅलेक त्याच हाताने त्याचा जीव घेतो. मुख्यार्थाचा बाध पुरेसा दृढ नव्हता, तो बेचाळीस वर्षांनी दृढ करण्यात आला असे म्हणावयास हरकत नाही.

ध्वनीच्या बाबतीत हे काम फारच सोपे असते. त्याच मालिकेतील कालयानाचा घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी एका जुन्या पियानोच्या तारांवरून घराची किल्ली खरवडून काढला आणि मग त्यावर संस्कार केले. किल्ली दिसत नाही. तेव्हा अडवावे असे काही नाहीच. ध्वनी आपल्या उगमापासून तोडला, की तो बिनमालकीचा होतो.

उलटपक्षी, जेथे वस्तूचे घरगुती कार्य जसेच्या तसे ठेवून केवळ काळ बदलावयाचा असतो, तेथे अपरिचितपणा उपकारक ठरतो. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अंतराळवीर ज्या काट्याचमच्यांनी जेवतात, ते डेन्मार्कचे वास्तुशिल्पी आर्ने याकोब्सेन यांनी १९५७ मध्ये कोपनहेगनच्या एका हॉटेलसाठी आखलेले आहेत. ते अनोळखी होते, हे खरे. पण त्यांनी अन्न तोंडात घातले जात होते, आणि चमच्याने दुसरे काय करावयाचे? मीठदाणी मेजावर स्वस्थ उभी असते. चमचा हातात चालतो. क्रिया दिसली की आकार कितीही परका असला तरी चालते, हा गॉम्ब्रिख यांच्या काठीचाच न्याय.

सारोपेची उदाहरणे पडद्यावर थोडी आहेत, पण जी आहेत ती थोर आहेत. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द गोल्ड रश’मध्ये (१९२५) दोन पावांत दोन काटे खोचून त्यांचे पाय केले आहेत, आणि ते पाय मेजावर नाचतात. येथे पाव हा पाव आहे हे क्षणभरही लपविलेले नाही. किंबहुना ते विसरले तर रसच उरत नाही. विषय आणि विषयी एकमेकांशेजारी उभे आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर नट आपल्या चेहऱ्याने सांभाळतो आहे. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) हे जरा अवखळ उदाहरण. घोड्यांच्या टापांचा आवाज नारळाच्या दोन करवंट्या आपटून काढावयाचा, ही ध्वनिकारांची जुनी युक्ती. या चित्रपटात राजा आर्थर घोड्यावाचूनच दौडत येतो आणि त्याचा सेवक मागून उघडपणे करवंट्या वाजवितो. तटावरचा पहारेकरी घोड्याविषयी विचारीत नाही. या थंड देशात नारळ आला कोठून, असे विचारतो. ज्या मुख्यार्थाला सर्वांनी मिळून अडवावयाचे, तो एका पात्राने हट्टाने मोकळा सोडला, आणि अवघा प्रसंग त्यावर उभा राहिला. लक्षणेचे स्वरूप वर्गात समजावून देण्यास याहून सोयीचे उदाहरण मला आढळलेले नाही.

मुख्यार्थाची अनुपस्थिती ही कायमची नसते, हे आता पाहावयाचे आहे. ‘डॉक्टर हू’च्याच १९७५ मधील ‘दि आर्क इन स्पेस’ या कथेत एका माणसाचे हळूहळू कीटकात रूपांतर होते, आणि त्याचा विकृत झालेला हात दाखविण्यासाठी हवेचे फुगे असलेला वेष्टनाचा प्लॅस्टिक-कागद, म्हणजे बबल-रॅप, हिरवा रंगवून गुंडाळला होता. तो कागद त्या वेळी सर्वसाधारण घरात फारसा पोहोचलेला नव्हता. प्रेक्षकाने किळसवाणी कातडी पाहिली. पुढे टपालाने येणाऱ्या प्रत्येक पुडक्यात तो येऊ लागला, आणि आज तो प्रसंग पाहणाऱ्यास हसू आवरत नाही. चित्रफितीतील एकही कण बदललेला नाही. बदलला तो पाहणाऱ्याचा शब्दकोश. मराठी विद्यार्थी संस्कृत ग्रंथ वाचू लागला की ‘चेष्टा’ या शब्दाशी त्याचे असेच होते. तेथे तो शब्द निव्वळ हालचालीचा वाचक असतो, आणि मराठीतील थट्टेचा अर्थ आगंतुकपणे मध्ये येऊन उभा राहतो. संहितेवर ही आपत्ती तिच्या रचनेनंतर ओढवते, आणि तिला रचनाकार जबाबदार नसतो. जुन्या चित्रपटांतील रंगवस्तू ‘फसली’ असा निवाडा देणाऱ्या समीक्षकाने हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

आता रूढीकडे येऊ. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटातील प्रकाशाच्या तलवारीची, म्हणजे लाइटसेबरची, मूठ हे या क्षेत्रातील बहुधा सर्वांत गाजलेले उदाहरण. नेपथ्याचे सामान जमविणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधील छायाचित्रणाच्या एका दुकानात ग्राफ्लेक्स या अमेरिकन कंपनीच्या कॅमेऱ्यांना जोडावयाच्या फ्लॅशच्या धातूच्या दांड्या मिळाल्या. तिच्यात बॅटऱ्या बसत आणि वर दिव्याची वाटी लागे. तिच्यावर पकडीसाठी पट्ट्या चिकटवून आणि गणकयंत्राच्या आकड्यांवरील भिंगांची पट्टी बसवून त्यांनी मूठ तयार केली. वृद्ध केनोबीच्या तलवारीला तर पाण्याच्या नळाची फिरकी लावलेली आहे. हात धुण्याच्या बेसिनवरून ती थेट आकाशगंगेत गेली! तलवारीचा गुंजारवही बेन बर्ट यांनी चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटारीची घरघर आणि दूरचित्रवाणी-संचाची गुणगुण यांच्या मिश्रणातून सिद्ध केला. चित्रपटात ती मूठ नायकाच्या हाती देताना वृद्ध तिचे नाव सांगतो, ती कोणाची होती हे सांगतो, नायक कळ दाबतो आणि पाते उमटते. नामकरण, परंपरा आणि क्रिया ही तिन्ही एका प्रसंगात उरकली आहेत.

पुढे जे घडले ते अर्थविचाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १९४० च्या सुमारास वृत्तछायाचित्रकारांच्या हातात सर्रास दिसणारी ती दांडी आज हौशी संग्राहक तलवारीची मूठ म्हणूनच शोधतात. जुने कॅमेरे जतन करणाऱ्यांना त्याचा उपद्रव होतो, कारण कॅमेऱ्यापासून दांडी तोडून वेगळी विकली जाते. जिचा एके काळी मुख्यार्थ फ्लॅश हा होता आणि लक्ष्यार्थ तलवार, तिच्या बाबतीत ही जोडी आता उलटली आहे. एखाद्या तरुणाला जुन्या छायाचित्रात ती कॅमेऱ्याला लावलेली दिसते, तेव्हा तलवार कॅमेऱ्याला कोणी बांधली, असे त्याला वाटते.

मम्मटाने रूढीमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. मूळ अर्थ दर्भ तोडून आणणारा. दर्भ हाताला न कापता तोडावयाचा तर विवेक लागतो, म्हणून निपुण. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर आक्षेप घेतला. शब्दाची व्युत्पत्ती ज्या निमित्ताने होते ते निराळे आणि शब्दाचा वापर ज्या निमित्ताने होतो ते निराळे. वापरणाऱ्याच्या मनात दर्भ नाहीच, तेव्हा ‘निपुण’ हाच मुख्यार्थ, आणि तेथे लक्षणा मानण्याचे कारण नाही, असा त्याचा मुद्दा. हा वाद केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. रंगवस्तूंचे ‘खरे रूप’ शोधून काढणारे आजचे हौशी संशोधक नकळत मम्मटाच्या बाजूचे असतात. मूठ ‘मुळात’ फ्लॅशची दांडी आहे, असा त्यांचा आग्रह. व्युत्पत्ती म्हणून तो शोध मोलाचा आहे, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले परिश्रम पाहून आपल्याकडील कोशकारांची आठवण व्हावी. पण प्रेक्षकाला होणारा अर्थबोध त्यातून उलगडत नाही. त्या प्रश्नावर मला विश्वनाथाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

एका वस्तूच्या बाबतीत तर नामकरणच कित्येक वर्षे खोळंबले होते. ‘दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटात एक नगर सोडून लोक पळत असताना नारिंगी वेषातील एक माणूस क्षणार्ध दिसतो. त्याच्या हातात आइसक्रीम करण्याचे घरगुती यंत्र आहे. ते काय, कशासाठी, काहीच सांगितलेले नाही. अमेरिकन प्रेक्षकांपैकी ज्यांच्या घरी ते यंत्र होते त्यांनी ते ओळखले, आणि रसिकांच्या संमेलनांत त्या वेषात, तेच यंत्र कवटाळून, घोळक्याने धावण्याची प्रथा पडली. २०१९ मध्ये आलेल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेत त्याच घडणीचे भांडे मौल्यवान धातूच्या लगडी ठेवण्याची पेटी म्हणून आले आणि पात्रांच्या तोंडी त्याला ‘कॅमटोनो’ असे नाव मिळाले. एकोणचाळीस वर्षे जी वस्तू थट्टेपुरती लक्षणा होती, ती एका शब्दाने त्या विश्वातील अभिधेत दाखल झाली. आपल्याकडे आइसक्रीमचा पॉट म्हटले की लाकडी बादली, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि आळीपाळीने फिरवावयाचा दांडा डोळ्यांपुढे येतो. अशा घरात वाढलेला मराठी प्रेक्षक ती मालिका पाहतो तेव्हा त्याच्यापुढे अडावयास मुख्यार्थच नसतो. त्याने पाहिलेला कॅमटोनो पहिल्यापासून कॅमटोनोच असतो.